आवाज गेलेला नाही, मालिका गप्प आहे: सांगलीच्या केबलवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
कथा व कार्यक्रम विभागातील मंडळी,
मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्रात वाहिनीचं नाव घालत नाही आणि मालिकेचंही नाही. नाव दिसलं की वाचणारा आधी बाजू धरतो, मग वाचायला लागतो. सांगलीच्या हळदपेठेतल्या एका अडत्याच्या घरातल्या तीन पिढ्यांची गोष्ट तुम्ही रात्री 9 वाजता सांगायला घेतली आहे, एवढ्यावरून तुम्हाला पत्र पोचेल.

मी इथं केबलचा धंदा करतो. गावभाग, खणभाग आणि हरिपूर रस्त्याकडची घरं माझ्याकडं आहेत. तुमचं चित्र उपग्रहावरून कुठून कुठून फिरून येतं, पण शेवटी ते माझ्या वायरीतून घरात शिरतं, त्यामुळं लोकांच्या लेखी वाहिनी म्हणजे मीच. नायिकेचा छळ फार झाला की बोलणी मला बसतात. ‘त्या सासूला जरा आवरा की’ असं सांगणाऱ्या आजी आहेत, त्यांना मी ‘वर कळवतो’ म्हणतो. आज खरोखरच वर कळवायला बसलोय.

कानावर आलंय ते असं. मालिकेवर लोकांची मतं अगदी दोन टोकांची आहेत, म्हणून तुम्ही कथेला वळण देणार, घरात एक कारस्थानी आत्या आणणार, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर वेळ 9 वरून 11 वर नेणार. खरंखोटं तुम्हाला माहीत. पण ही दोन टोकं कुठली, याचा तुमच्याकडं लावलेला हिशेब चुकतोय असं मला वाटतं. शहरातल्या शिकलेल्यांना आवडली, खेड्यातल्यांना आणि बायकांना झेपली नाही, असं तुमच्याकडचे लोक मुलाखतीतून सुचवतात. इथं दारोदार हिंडणाऱ्या माणसाला ते दिसत नाही.

पेवाच्या भागापासूनच सांगतो, कारण भांडण त्या रात्री पेटलं.

हरिपूरचं पेव बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. जमिनीत खोल खड्डा, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. आत हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत हवा खेळत नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. आणि तीच गोष्ट उतरणाऱ्याच्या जिवावर येते. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत जात नाही. तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. 2005 च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं बाद झाली, आता माल गोदामात आणि शीतगृहात असतो, त्यामुळं पंचविशीच्या आतल्या सांगलीकरानंसुद्धा हे बघितलेलं नाही.

तुम्ही ते दाखवलंत, आणि काय दाखवलंत! कॅमेरा वरच राहिला. चार माणसं, दोरी, कंदील. कुणी बोलत नाही, सनई नाही, ढोल नाही. काठावरच्या दगडाला दोरी घासल्याचा बारीक आवाज तेवढा. म्हाताऱ्या हमालाच्या मुठीतून दोर वीत वीत सुटतोय आणि त्याची नजर खाली. दैनंदिन मालिकेत चार मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही, असं माझ्या आठवणीत तरी नाही.

तिसऱ्या मिनिटाला माझा फोन वाजायला लागला.

‘आवाज गेलाय बघा.’ ‘चित्र हाय, आवाज न्हाई.’ ‘बॉक्स बंद करून चालू केला, तरी न्हाई.’ कामावरचा पोरगा तिकडं कंट्रोल रूमला फोन लावून ओरडतोय. मी घरी तोच भाग बघत होतो म्हणून बरं. म्हटलं, ‘मावशी, आवाज गेलेला नाही, ते गप्प आहेत.’ ‘का गप्प हाईत?’ आता हातात कालथा घेऊन उभ्या असलेल्या बाईला फोनवर पेव कसं समजवायचं? तोवर तिकडं ज्योत स्थिर राहिली, पोरगा आत उतरला आणि जाहिरात लागली. जाहिरात मात्र सगळ्यांना ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एक जुने हमाल भेटले. त्यांचा चुलता असाच पेवात उतरून जिवानिशी गेला होता. ते एवढंच म्हणाले, ‘कंदील खाली सोडला तवा मी उठून उभा राह्यलो.’

आता तुम्ही म्हणाल, झालं की, हेच ते दोन प्रकारचे प्रेक्षक. एकाला कळलं, एकाला नाही. थांबा जरा. मला फोन केलेल्यांची घरं मला माहीत आहेत, कारण तिथली वायर मी ओढली आहे. टीव्ही बाहेरच्या खोलीत भिंतीवर, स्वयंपाकघर आत. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला टीव्हीची एक कड दिसते, कुठं कुठं तेवढीही नाही, समोरच्या कपाटाच्या काचेवर नुसता उजेड हलताना दिसतो. रात्री 9 ला तिच्या भाकरी चाललेल्या असतात, कारण दुकान बंद करून नवरा तेव्हा येतो. खणभागात डबे करून देणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्या सकाळच्या भाज्यांची निवडाटिपण त्या वेळेला असते. शेजारच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या वहिनींची नजर सुईवर. ह्या सगळ्या तुमची मालिका ऐकतात. ‘कळंना झालंय’ म्हणणाऱ्या बहुतेक त्या ह्याच. त्यांची अक्कल काढायचं कारण नाही.

आणि ही सवय त्यांना कुणी लावली? 1963 साली सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं, तेव्हापासून इथल्या स्वयंपाकघरात कान उघडा आणि हात कामात अशी रीत आहे. पुढं 1999-2000 च्या सुमारास मराठी उपग्रह वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका आल्या, आणि त्या तुम्हीच ह्या कानाच्या मापानं बेतल्या. शहाणी माणसं ज्याला हसतात ते सगळं मला सोयीचं वाटतं. पात्र आत आलं की दुसऱ्यानं त्याचं नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे पोळी उलटता उलटता कळतं कोण आलं. ढँग ढँग ढँग झालं की मान वळवायची, एरवी नाही वळवली तरी चालतं. आणि एकच बातमी तीन जण तीनदा सांगतात, कारण त्यातली एक कुकरच्या शिट्टीत जाते. वीस-पंचवीस वर्षं असं वाढलंत, आणि एका सोमवारपासून एकदम म्हणालात, आता दिवा मालवून समोर बसा.

बसायला ज्यांना सवड आहे ते बसले आणि खूश झाले. मीही त्यातलाच, वसुली आटोपून नऊला पाय पसरून बसणारा. तुमच्या प्रेक्षकांत जी फूट पडली आहे, ती बसून बघू शकणारे आणि न शकणारे यांच्यातली आहे. त्यात खेडं-शहर नाही, शिक्षण तर नाहीच. गावभागात एक निवृत्त प्राध्यापक आहेत, दृष्टी अधू झालेली, त्यांनाही काही कळत नाही. आणि पेठेतला अंगठेबहाद्दर हमाल उठून उभा राहतो.

गंमत बघा, ज्या आकड्यावर तुमचा सगळा जीव, तो आकडा तरी कुठं डोळ्यांनी बघतो? देशात 20 कोटींहून जास्त घरांत टीव्ही, आणि कोण काय बघतं ते मोजणाऱ्या बार्क संस्थेचे मीटर त्यातल्या काही हजार घरांत. कुठल्या घरांत, ते गुप्त ठेवतात आणि ठेवायलाच हवं. 2020 मध्ये मुंबईत मीटरवाल्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याच्या आरोपावरून केवढं रामायण झालं, वृत्तवाहिन्यांचे आकडे दीडेक वर्ष बंदच होते. तर हा मीटर वाहिनी ओळखतो तो आवाजावरून. आवाजात एक खूण मिसळलेली असते, माणसाला ऐकू न येणारी, ती तो टिपतो. आणि टीव्हीसमोर कोण आहे हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं असतं. पिठाच्या हातानं कोण बटण दाबतंय? आणि दाबलंच, तर आत उभी राहून ऐकणारी बाई तुमच्या कागदावर ‘बघणारी’ म्हणून चढते. आठवड्याला तुमच्या टेबलावर येणाऱ्या कागदात ओटा आणि टीव्ही यांच्यातली भिंत दिसत नाही. म्हणून ती मी दाखवतोय.

आमच्या नाट्यवाल्या मंडळींबद्दलही बोलतो, नाहीतर तुम्ही त्यांचीच वाहवा खरी धराल. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं पहिला खेळ केला, आणि तेव्हापासून वादात हरायला लागलेला सांगलीकर 1843 काढतो. ह्या मालिकेवरून तर रोज निघतंय. भावे नाट्यमंदिराच्या आवारात मी स्वतः ऐकलंय, ‘ज्यांना सासू-सून पाहिजे त्यांनी दुसरीकडं बघावं, ही गंभीर कलाकृती आहे.’ असं म्हणणाऱ्याच्या घरी नऊ वाजता ताट कोण वाढतं, हे विचारायचं होतं. विचारलं नाही, त्यांचं तीन महिन्यांचं बिल अडकलंय. आणि भाव्यांच्या खेळातसुद्धा सूत्रधार पुढं उभा राहून काय चाललंय ते गाऊन सांगत होता. न बघणाऱ्याचीही सोय होती म्हणायची.

कॉलेजची पोरं अजून वेगळी. ती केबल बघत नाहीत, माझ्याकडून नुसतं वायफाय घेतात आणि मोबाइलवर बघतात. कंदिलाचा तो प्रसंग त्यांनी गावभर फिरवला. चार मिनिटांचा चाळीस सेकंद करून, वर कुठलंतरी रडकं गाणं चिकटवून. तुमची ती सगळी शांतता गेली चुलीत. तेव्हा ‘तरुणांनी डोक्यावर घेतलं’ हेही जरा बेतानं घ्या.

एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक. तुमच्या त्या हमालाची जतकडची सून घरात कानडी बोलते आणि खाली मराठी पट्टी येत नाही. ह्यावरून माझ्याकडं तक्रारी आल्या, ‘चॅनेल बदलल्यासारखं वाटतंय’ म्हणून. येऊ देत. आमच्या जिल्ह्यात निम्म्या जत तालुक्यात कानडी आहे, मिरजेच्या बाजारात दोन्ही भाषांत घासाघीस होते, आणि पडद्यावरचं खेडं मात्र आजवर एकाच ठशातली बोली बोलत आलंय. वाक्याच्या शेवटी ‘गा’ लावला की झालं ग्रामीण. माझ्या लाइनीवर धुण्याभांड्याला येणाऱ्या एक मावशी आहेत, मूळच्या जत तालुक्यातल्या संखकडच्या. त्या सुनेनं पोराला कानडीत दम दिला तेव्हा त्या भांडी तशीच टाकून बाहेर येऊन उभ्या राहिल्या, असं त्या घरच्यांनी सांगितलं. बघा, ऐकूनच आल्या. चित्रानं नव्हे, आवाजानं ओढलं त्यांना.

माझं मागणं त्यातूनच निघतं.

तुमच्या मालिकेत तीन काळ आहेत: 1956, 1983 आणि पुरानंतरचा. काळ बदलला की कोपऱ्यात बारीक आकड्यांत साल येतं आणि जातं. ते आमच्या बत्तीस इंची टीव्हीवर समोर बसलेल्यालाही दिसत नाही, ओट्याजवळच्या बाईची गोष्टच सोडा. तिला आजोबा आणि नातू एकाच घरात बोलताना ऐकू येतात आणि ती म्हणते, ‘मेला होता ना हा?’ काळ बदलला हे ऐकूही येऊ द्या. जुन्या काळात वखारीबाहेर बैलगाडी असेल, नंतरच्या काळात ट्रक असेल, तो गिअर बदलत असेल. फार नको, एखादी खूण प्रत्येक काळाला लावून द्या आणि ती सोडू नका. आमच्या बायका दोन दिवसांत पकडतील. त्यांचा कान तुमच्या ध्वनिमुद्रकापेक्षा तिखट आहे.

दुसरं, संवाद. तुमचे नट खऱ्यासारखे पुटपुटतात, ते छान. पण तुम्ही ते कानात हेडफोन घालून ऐकताय. आमच्याकडच्या टीव्हीचा भोंगा मागं नाहीतर खाली असतो, वर पंखा फिरतोय, आत मिक्सर चाललाय. मग माणूस आवाज वाढवतो, तेवढ्यात जाहिरात कडाडते, खाटेवरचे आजोबा दचकतात, आवाज कमी होतो आणि पुढचा संवाद गेला. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं केबलच्या नियमांतच लिहिलेलं आहे. आम्हाला लहानसहान नियमांवरून नोटिसा येतात, हा नियम तुमच्याही भिंतीवर लावा. शांतता ठेवायची तर खुशाल ठेवा, पण बोललेलं शब्द न् शब्द पोचू दे. कंदील खाली सोडताना एकानं नुसतं ‘ज्योत बघ’ म्हटलं असतं, तरी माझे निम्मे फोन वाचले असते आणि प्रसंगाचा केसही वाकडा झाला नसता. खरे हमाल तेवढं बोलतातच.

आणि आत्या आणू नका. ही विनंती नाही, धोक्याची सूचना समजा. आत्या आली की जे समोर बसतात ते उठतील, आणि जे आत उभे आहेत ते काही बाहेर येऊन बसणार नाहीत, कारण कारस्थानं ऐकायला त्यांना दुसऱ्या वाहिन्यांवर चार आत्या आधीच आहेत. दोन्हीकडून जाल. भांडण चाललंय म्हणून घाबरू नका. 9 वाजताच्या मालिकेवरून सकाळी 9 वाजता दूधकट्ट्यावर वाद घालणारी माणसं मी फार दिवसांनी बघतोय. एरवी लोक मालिका बघतात आणि विसरतात, शिव्यासुद्धा घालत नाहीत.

वेळेचंही तसंच. रात्री 11 ला आमच्याकडं जागं कोण? कारखान्याच्या रात्रपाळीचा, तो कामावर. दूधवाला, तो पहाटे उठायचं म्हणून झोपलेला. बायका दिवसभराच्या थकलेल्या. अकराला नेणं म्हणजे मालिका मारायचीच, फक्त अंगावर वळ उठू द्यायचे नाहीत. त्यापेक्षा 9 ला राहू द्या आणि रविवारी दुपारी आठवड्याचे भाग सलग लावा. दुपारी 2 नंतर आमच्या घरांत ओटा आवरलेला असतो, तेव्हा ह्याच बायका पाय लांब करून बसतात आणि डोळ्यांनी बघतात. कंदिलाचा भाग रविवारी लावा, मग मला सांगा कुणाला कळतंय आणि कुणाला नाही.

यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. केबल तोडून नुसतं नेट ठेवणारी घरं वाढतायत. सगळं घर एका वेळी एका गोष्टीसाठी थांबतंय असं तुमच्यामुळं परत दिसायला लागलंय, आणि ते टिकलं तर माझीही वायर टिकेल.

पेठेतल्या अडत्यांनी तुम्हाला एक चूक कळवायला सांगितली आहे, ती घालून पत्र संपवतो. 1956 च्या भागात सौद्याला ओतलेली हळद यंत्रातून काढल्यासारखी एकसारखी चकचकीत आहे. तेव्हा हळकुंडं हातानं कठीण जागेवर घासायचे, नाहीतर पायाला पोतं गुंडाळून तुडवायचे, त्यामुळं ढीग मळकट पिवळा दिसायचा आणि मुळांचे तुसे कुठं कुठं राहिलेले असायचे. पुढचं चित्रीकरण करायच्या आधी यार्डात या. जुना माल कसा दिसायचा ते दाखवायला दोन म्हातारे तयार आहेत, दोघांचं आपसात पटत नाही, तेव्हा वेगवेगळ्या वेळी भेटा.

कळावे,

आपला,
लाइन सांभाळणारा एक केबलवाला,
सांगली